किनाऱ्यावरचं माणूस

३ मे
बोट ठरली! भूमध्य समुद्र, आठ दिवस, पाच बेटं. कप्तान बोटीबरोबरच येतो, म्हणजे चालवायची चिंता नाही. बाकीच्या चिंता माझ्याकडे आहेतच. नवरा सकाळपासून खुर्चीच्या पायाला दोरीच्या गाठी मारतोय. मारता येतात, सोडवता येत नाहीत.

५ मे
कप्तानाच्या सूचना आल्या. कडक बॅगा नकोत, घडी होणाऱ्या पिशव्या आणा. बोटीवर अनवाणी फिरायचं. भर समुद्रात फोन लागणार नाही.
हे शेवटचं चार वेळा वाचलं.

६ मे
फॉर्म भरायला बसले. आम्ही सहा जण – आम्ही दोघं, दोन्ही मुलं, दीर, जाऊबाई. पोहता येतं का, औषधं कोणती, सगळं भरलं. मग एक रकाना – किनाऱ्यावर राहणाऱ्या जवळच्या व्यक्तीचं नाव आणि फोन. बोटीवरचं कुणी चालणार नाही. अहो, माझी सगळी माणसं बोटीवरच!
सगळी नाहीत. ताई आहे.

७ मे
आज कामावर, शाळेच्या ऑफिसात, तीन पालकांचे फॉर्म परत पाठवले. तातडीचा संपर्क कोरा! "असं कसं, कुणीतरी असेलच की," असं एकाला सुनावलंसुद्धा. लोका सांगे ब्रह्मज्ञान...

९ मे
नवरा म्हणतो, "शेजारच्या काकांचं नाव टाक आणि मोकळी हो." काका स्वतःचा फोन शोधायला आमच्या फोनवरून रिंग देतात! त्यांना कोण काय कळवणार?
आई गेली तेव्हाही मी अशीच सुट्टीवर होते. डोंगरात, फोन बंद. ताई दोन दिवस फोन लावत राहिली, शेवटी एकटीनेच सगळं निभावलं. मी पोचले तर दारातच म्हणाली, "झाली का सुट्टी?" मी बॅग खाली न ठेवता उभ्या उभ्या परत फिरले. सहा वर्षं झाली, बोलणं नाही. चूक माझी होती, म्हणूनच इतकं झोंबलं. हे कुणाला सांगितलेलं नाही.

१२ मे
उद्या फॉर्मची शेवटची तारीख. जाऊबाई विचारतात, "टोपी निळी घेऊ की पिवळी?" घ्या हो कुठलीही!

१३ मे
ताईचं नाव लिहिलं. नंबर अजून पाठ आहे. पाठवला फॉर्म – तिला न विचारता!

१४ मे
चार वेळा फोन हातात घेतला, चार वेळा ठेवला. उद्या नक्की.

१५ मे
ताईने पहिल्याच रिंगला उचलला. मी भडाभडा सगळं सांगून टाकलं – बोट, बेटं, फॉर्म. आईच्या वेळचंही. चुकलं म्हणाले.
तिने विचारलं, "कधी निघताय?"
"दोन जूनला."
"बरं. नीट जा." मग म्हणाली, "चारला माझं ऑपरेशन आहे. हॉस्पिटलच्या फॉर्मवर मी तुझंच नाव दिलंय. तुला सांगणार नव्हते."

१६ मे
कप्तानाला कळवलं – बोटीवर पाच जण येतील. किनाऱ्यावरच्या रकान्यात माझं नाव लिहा.