इल्गाने बांधलेलं चीज

इल्गा,
काल मला न विचारता तू शहाजिऱ्याचं चीज फडक्यात बांधलंस, हे काही बरं केलं नाहीस. या घरात ऐन उन्हाळ्यातल्या लीगोच्या सणाचं चीज चाळीस वर्षं मी बांधते. वर माझाच एडगार्स म्हणतो, "आई, हिच्या हातचं किती मऊ झालंय!" मग माझं काय दगड होतं? इतकी वर्षं मुकाट्याने गिळलं ना!

मी बहिणीकडे चालले. फाटकाला बर्चच्या डहाळ्या लाव. गाईच्या गळ्यात फुलांचा हार घाल. सूर्य मावळला की शेकोटी पेटव, उजाडेपर्यंत विझू देऊ नकोस, नाहीतर घराची बरकत जाते. गाणी म्हणत गाव येईल, त्याला चीज तूच वाट. मालकीण आता तूच ना!
वेल्टा

चिठ्ठी बिअरच्या सुरईखाली ठेवून वेल्टाने फडक्यातल्या चीजचा तुकडा मोडून तोंडात टाकला. मग आणखी एक टाकला. तेवढ्यात ओकची पानं घेऊन सून आत आली आणि चिठ्ठी वाचून रडवेली झाली.

"आई, जाऊ नका ना. गावची माणसं गाण्यातून घरच्या बाईला टोमणे मारतात. मला उलट गाता येत नाही."

वेल्टाने डोक्याचा रुमाल सोडला. "चीज माझ्यापेक्षा सरस झालंय. पुन्हा म्हणणार नाही. आज तू वाट, फाटकाशी उलट गायला मी उभी राहते. माझ्या सुनेला नावं ठेवायची तर मी ठेवीन, गावाने नाही!"