‘एकमताने’ लिहिणार नाही

मंगळ. ४ ऑगस्ट
महापालिकेची सर्वसाधारण सभा. विषय १७: हडपसरच्या भाजी मंडईची जागा वाहनतळाला द्यायची. वाचून होण्याआधीच ‘मंजूर, मंजूर’. मागच्या बाकावरून सुरेखाताई उठल्या. पहिल्यांदाच नगरसेविका झाल्यात, त्याआधी वीस वर्षं त्याच मंडईत पालेभाजी विकली. “माझा इरोध हाय. लिहून घ्या.” सभागृह हसलं. मी लघुलिपीत घेतलं. पगार त्याचाच मिळतो.

बुध. ५
इतिवृत्त टाइप करून दिलं. ‘सुरेखाताईंचा विरोध नोंदवून बहुमताने’ यावर नगरसचिव साहेबांची लाल रेघ. वर ‘एकमताने’.
“गोंधळात ऐकू आलं नाही असं समजा.”
“मला आलं. कान अजून निवृत्त झालेले नाहीत.”
रोजचा चहा आला नाही.

गुरु. ६
सत्ताधाऱ्यांचे गटनेते स्वतः टेबलाशी. “बाई, एका शब्दाचा तर प्रश्न आहे.”
“मग माझाच राहू द्या.”
दुरुस्त प्रत सहीला आली. केली नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. घरी हे म्हणाले, “निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. कशाला?” उत्तर द्यायच्या नादात आमटी करपली. तशीच खाल्ली दोघांनी.

सोम. १०
बदली. कोथरूड, जन्म-मृत्यू नोंदणी. कारण ‘प्रशासकीय सोय’. तिथे निदान मेलेल्याला जिवंत लिहा म्हणत नाहीत. इतिवृत्त दुसऱ्याच्या सहीने सगळ्यांना गेलं. एकमताने!

शुक्र. १४
सुरेखाताई माझ्या खिडकीवर. चक्क रांगेत उभं राहून. “बाई, कागदात माझं नावच न्हाई. मी बोलले व्हते ना? का मलाच वाटतंय?”
त्या ‘मलाच वाटतंय’नं डोकं फिरलं. म्हटलं, बोललात. पुढच्या सभेत पहिला विषय मागचं इतिवृत्त कायम करायचा. एकदा कायम झालं की संपलं, म्हणून आधीच उठा. माझी वही सचिव कार्यालयाच्या दप्तरात आहे, ती मागा. लघुलिपी कोण वाचणार म्हणाले तर मी आहे.
“तुमाला तरास हुईल.”
“झालाय की. आता उरलंय काय?”

मंगळ. १ सप्टें.
रजा टाकून प्रेक्षक गॅलरीत. शेजारी हे. येतो म्हणाले नव्हते.
पहिलाच विषय. सुरेखाताई उठल्या. महापौर: “बसा.” नाही बसल्या. पुन्हा “बसा!”
“बसाया न्हाई आले. वही आणा.”
आरडाओरडा. सभा अर्धा तास तहकूब. त्या वेळात हे लिहितेय. खाली सुरेखाताई अजून उभ्याच. सत्ताधाऱ्यांतल्याच एक बाई त्यांच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्यात. बोलत काही नाहीत, पण हलतही नाहीत.
शिपाई वर आला. “बाई, खाली बोलावलंय.”
“वाचायला, की हाकलायला?”
“ते नाही सांगितलं.”
हे म्हणाले, “जा.”
जाते.