आबांचा रोल

५ जानेवारी
कपाट आवरताना जुना रोलचा कॅमेरा सापडला. शटर अजून खणखणीत. सु. म्हणाली, भंगारात द्या. चाळीस वर्षांचा संसार, आणि हिला अजून माझ्या वस्तूंची किंमत कळत नाही. पुण्याहून रोल मागवला. मुलीनं घेऊन दिलेला डिजिटल आहेच, पण त्यात शंभर काढा, शंभर पुसा. फोटो काढल्यासारखं वाटतच नाही.

९ जानेवारी
तिकोणा पेठेतून कोंडामावशींच्या मुलीचा फोन. मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता स्वच्छ दिसतंय. म्हणतात, गुरुजींना बोलवा, माझा एक फोटो काढू दे. पेठेच्या शाळेवर होतो तेव्हा सहा वर्षं त्यांच्या हातचं जेवलो. नाही कसं म्हणणार. पण लगेच आठवला तो. आबांचा रोल.

१० जानेवारी
लिहूनच टाकतो. इथं कोण वाचतंय.
जत्रेचा दिवस होता. मावशी आणि आबा, त्यांचे यजमान, अंगणात बाजेवर शेजारी शेजारी बसलेले. एरवी कधी बसायचे नाहीत. आबांना नवा फेटा. मी आकडा छत्तीसवर जाईपर्यंत काढले, रोल तेवढ्याचाच. आणि रोलचं टोक आतल्या चाकात अडकलंच नव्हतं. आकडा पुढं सरकत राहिला, रोल जागच्या जागी. धुतल्यावर सगळा कोरा. मी सांगितलं, लॅबवाल्यानं खराब केला. त्याच पावसाळ्यात आबा गेले. त्यांचा दुसरा फोटो नाही. मावशी इतकी वर्षं त्या लॅबवाल्याला शिव्या घालतायत आणि मी मान डोलावतोय. लाज वाटते.

१२ जानेवारी
पेठ. दोन्ही कॅमेरे नेले. मावशी हिरव्या लुगड्यात, दारात खुर्ची टाकून तयार. आधी रोलचाच काढला, खुमखुमी. मावशी, शेळ्या, शेजारपाजार, मागचा किल्ला. छत्तीस झाले तरी खटका ओढला जातोय. सदतीस. अडतीस. एकोणचाळीस. पाठ उघडली. टोक सुटंच. म्हातारपणी परत तीच माती खाल्ली.
गुपचूप डिजिटल काढला. पहिल्यात मावशींचे डोळे मिटलेले. ते तिथंच कळलं, लगेच दुसरा घेतला. मोठा करून मावशींपुढं धरला.
"लगीच दिसतंय की वो, गुरजी. तवा ह्यो आसता, तर आबा भितीवर ऱ्हायलं आसतं."
मी हो म्हटलं. खरंच, त्या एवढ्याशा डब्याच्या पाया पडावंसं वाटलं. तेव्हा हातात हाच असता तर तिथंच कळलं असतं; आबा अजून बाजेवरच होते, परत काढला असता. खोटं बोलायची वेळच आली नसती.

१३ जानेवारी
सु.ला सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, चिडेल. म्हणाली, मला कशाला सांगताय, जिला सांगायचं तिला सांगा. आणि भाजी निवडायला बसली.

१९ जानेवारी
फोटो फ्रेम करून पेठेत देऊन आलो. लोणावळ्याहून निघतानाच ठरवलेलं, आज सांगायचंच. कामशेतपर्यंत वाक्यं घोळवली.
मावशींनी भिंतीत दोन खिळे मारून ठेवले होते. एकावर स्वतःचा लावून घेतला. मग दुसऱ्याकडे बोट केलं.
"हितं आबा. त्या लॅबवाल्याला येकदा इचारा तरी, गुरजी. आता नव्या मशिनी आल्यात, खराब झालेल्यातनं काडता येत आसंल."
तोंड उघडलं. "विचारतो," म्हटलं.
चहा घेतला, निघालो. मावशी फाटकापर्यंत आल्या, म्हणाल्या, रविवारी या, म्या वाट बघते.
परवा रविवार.