ओळीत उगवलेलं तण

९ जून
शेताचं प्लॅनिंग फायनल. बायकोला माहेरहून मिळालेलं हे एक एकर रिटायर झाल्यापासून माझ्या ताब्यात आहे. दोन वर्षांत घरी दाणा आला नाही (कारणं वेगळ्या वहीत). यंदाही पोतं रिकामं आलं तर शेत तिच्या भावाकडे, असं तिने सांगून टाकलंय. मेहुणा लगेच म्हणाला, "दाजी, काळजी करू नका." असं म्हणणाऱ्याचीच मला काळजी वाटते.

११ जून
हरभरा सगळे थंडीतच का पेरतात? शेजारच्या शेतातल्या तात्यांना विचारलं. म्हणाले, "तसंच असतं." चाळीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलंय मी. तसंच असतं म्हणणारा काहीतरी लपवत असतो. खरीप आणि रब्बी ही जुन्या लोकांनी आपसात केलेली वाटणी दिसते. मी हरभरा आत्ताच पेरणार. सगळ्यांच्या चार महिने आधी बाजारात. टॉप सीक्रेट.

१९ जून
पेरला. पोत्यावर मुद्दाम 'सोयाबीन' लिहिलं होतं. तात्या बांधावर आले, दाणे बघितले, तोंड उघडलं. मी घाई आहे म्हणून पाठ फिरवली. सरळसरळ हेरगिरी.

२७ जून
उगवला. बायकोला दाखवला. बराच वेळ बघत राहिली, मग कपाळाला हात लावला. भारावली असावी.

१ जुलै
कंबर धरली. दोन दिवस आडवा. बायको भावाकडे जाऊन आली. पाय चिखलाने भरलेले. रस्ते वाईट आहेत म्हणे.

१४ जुलै, सकाळी ७
हरभऱ्याच्या ओळींमध्ये भलतंच काहीतरी उगवलंय. तीन-तीन पानांचं, आणि तेही ओळीत. तण कधी ओळीत उगवतं का? तात्यांचंच काम. उपटायला वाकलो तर बायको धावत आली. "अहो, उपटू नका, पुरावा जाईल." कधीकधी तिचं डोकं अगदी माझ्यासारखं चालतं.

२ ऑगस्ट
हरभरा पिवळा. मुळं कुजलेली. तात्यांच्या शेतातलं पाणी माझ्याच शेतात येतं. उतार इकडे आहे म्हणे. बरा सोयीचा उतार.

२० ऑगस्ट
हरभरा संपला. फक्त पुरावा उरलाय, माझ्या कमरेएवढा. रोज सकाळी मोजतो. पहिल्या ओळीत एकशे बारा. आज कुणाची तरी मेंढरं शिरत होती, छत्री घेऊन धावलो. एका पानाला तोंड लावू दिलं नाही.
शेत जाणार. मग दिवसभर घरात बसून काय करायचं? भीती वाटते. बायकोला बोललो नाही.

५ नोव्हेंबर
तण डोक्यावर गेलंय. पिवळी फुलं. तात्या म्हणाले, यंदा झकास आहे. निर्लज्जपणाची हद्द.

१० जानेवारी
बायको, मेहुणा आणि तात्या विळे घेऊन शेतात. पुरावा नष्ट करायचा कट! आडवा उभा राहिलो.
"अहो, सरका," बायको म्हणाली. "तूर आहे ती."
तुम्ही कंबर धरून झोपला होतात तेव्हा आम्ही दोघा भावंडांनी हरभऱ्याच्या ओळींमध्ये टोकून पेरली, असं मेहुण्याने सांगितलं. हरभऱ्याला थंडी लागते, हे तात्या पेरणीच्याच दिवशी सांगणार होते. मी बोलू दिलं नाही म्हणे.

१३ जानेवारी
पाच पोती घरात. शेत भावाकडे जाणार नाही. पेरणी यापुढे बायको बघणार. माझ्याकडे राखण. दाजींनी एक शेंग चोरीला जाऊ दिली नाही, असं मेहुणा सगळ्यांना सांगतोय. मी उपटली नाही म्हणून तूर आली, हे मात्र कुणी बोलत नाही. नोंद घेतली आहे.

१४ जानेवारी
बायकोने माझा जुना शर्ट मागितला. पुढच्या पिकात लावायच्या बुजगावण्यासाठी. मी असताना बुजगावणं कशाला, असं विचारलं.
म्हणाली, "तुम्ही जेवायला घरी येता ना, तेवढ्यापुरतं."