बिनखिशाचे झगे

मास्तर,

ती आफ्रिकन बाई इथे आखातात, मीना बाजारातल्या आपल्या शिवणाच्या दुकानात आली तो दिवस आधी लिहितो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. हॉस्पिटलात सफाई करायची ती. चर्चसाठी बारा पांढरे पायघोळ झगे हवे होते, सगळे एकाच कापडाचे, पाद्र्याचासुद्धा. मी शहाणा, सवयीने बाराही झग्यांना खिसे लावून बसलो, वर स्वतःवरच खूश. बघून ती हिरमुसली. देवापुढे जाताना जवळ काही ठेवायचं नाही, म्हणून खिसा नको, म्हणाली. तुम्ही माझ्यावर डाफरलात आणि आपण दोघं ते खिसे उसवत बसलो. उसवता उसवता तुम्ही तिला सहज विचारलंत, हे चर्च काढलं कुणी?

मोडक्या हिंदीत ती सांगतेय. तिच्या आजोबांच्या काळी गावात गोऱ्या मिशनऱ्यांचं चर्च होतं. बूट घालणारे, इंग्रजी येणारे पुढच्या बाकांवर. अनवाणी माणसं मागे जमिनीवर. ढोल तर दारातही नको. तिथे घंटा वाजवणाऱ्या माणसाने एका रविवारी दारात बूट काढले आणि मागे जाऊन बसला. त्याला हाकलल्यावर मागचे सगळे त्याच्याबरोबर उठले आणि झाडाखाली ढोल घेऊन बसले. तेच हे चर्च. अजून सगळे अनवाणी, गोल करून बसतात. दारू नाही. कुणाला स्वप्न पडलं तर उभं राहून सांगायचं, मग तो इंजिनिअर असो की झाडूवाला. तुमचा ब्लेडचा हात थांबला होता, मास्तर.

झगे पोचवायला म्हणून तुम्ही अब्राने, त्या लाकडी होडीने, खाडीपलीकडे देऱ्याला गेलात, आणि मग दर शुक्रवारी जायला लागलात. धर्म काही बदलला नाहीत, नुसते जाऊन बसायचात. मी फार खोदून विचारलं तेव्हा एकट्या मला सांगितलंत, "गावात आम्ही देवळाच्या पायरीखाली उभे राहायचो रे. आपल्या खोलीत कुणाला ठाऊक नाही. तिथे रांगच नाही, म्हणून कुणी विचारत नाही."

खोलीत आपण आठजण, सगळे कोकणातले, मेस एकत्र. महिन्याभराने एका शुक्रवारी तुम्ही परत आलात तेव्हा तुमचं ताट दाराजवळ वेगळं मांडलेलं होतं. तुम्ही ताटाकडे बघितलंत, बसलात, जेवलात, स्वतः धुऊन ठेवलंत. मी भाताच्या टोपाजवळ मान खाली घालून बसलो होतो. उठून तुमच्या शेजारी बसायला चार पावलं लागली असती. लाज वाटते हो. दुसऱ्या दिवशी मशीनवर तुम्ही विचारलंत, "कुणी सांगितलं रे?" मी म्हटलं, काय माहीत. "असू दे. ती बाही आण," म्हणालात. आठवड्यात खोली सोडलीत. आणि तरी त्याच थंडीत मला कोटाची कटिंग शिकवलीत, हातचं काही न राखता! त्या विद्येवर आज माझं घर चालतं. तुम्ही गावी जाऊन वारलात तेव्हाही मी इथेच होतो.

हे तुमच्या मुलाला पाठवावं म्हणून लिहायला घेतलं. नाही पाठवणार, तेवढी हिंमत नाही. तुमची ती पायरीची गोष्ट खोलीत सांगितली ती मीच, मास्तर. कुणी दमदाटी केली नव्हती. जेवताना कुणीतरी म्हणालं, मास्तर शुक्रवारी जातात तरी कुठे, आणि मला त्यांना हसवायचं होतं.