सासऱ्यांच्या चाकूची चिकट मूठ

४ मार्च, सकाळ

आजपासून धार. ठरलं म्हणजे ठरलं. व्यायाम, बासरी आणि पहाटे उठणं हे तिन्ही संकल्प माझ्या प्रकृतीला मानवणारे नव्हते, त्यात माझा दोष नाही. धार लावणं हे विचारी माणसाचं काम. जुन्या बाजारातून खिशात मावणारे सहा चाकू आणि धारेचा दगड आणला. धार लावण्याचा व्हिडिओ अर्धा पाहिला. पुढचं लक्षात आलं.

ही म्हणाली, स्वयंपाकघरातल्या सुरीने टोमॅटोसुद्धा चेंगरतो, आधी तिला धार लावा. म्हटलं, असली किरकोळ कामं मी घेत नाही.

६ मार्च

पहिल्या चाकूचं पातं काडीएवढं उरलंय. पोलादच हलकं. दुसऱ्याचं टोक गेलं. धार तपासायला हातावरचे केस काढून बघतात. निघेनात. शेवटी दाढीच्या ब्लेडने काढले, कारण मुलगी बघत होती.

७ मार्च

सासरे सकाळी सफरचंद सोलत बसले होते. रोजचंच आहे. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बोलणं गेलंय आणि उजव्या हाताची बोटं नीट मिटत नाहीत. अंघोळ, बटणं, चमचा, सगळं हिच्या हातून. पण सफरचंद मात्र स्वतः सोलणार, स्वतः कापणार. दुसऱ्याने कापलेली फोड पुढे केली की तोंड मिटून घेतात. तासभर हा सोहळा चालतो, आणि ही समोर स्टूल टाकून अशी बघते की जणू मॅचची शेवटची ओव्हर आहे.

चाकू त्यांचा जुना. रोपवाटिकेतून रिटायर झाले तेव्हा मिळालेला. मुठीवरचं रबर वितळून चिकट झालंय. केस, धागे, बिस्किटाचा चुरा, काय म्हणाल ते त्याला चिकटलेलं. काम झालं की ही त्यांच्या तळव्यातून तो अक्षरशः सोडवून घेते. किळस आली.

लग्न ठरलं तेव्हा हेच गृहस्थ म्हणाले होते की मुलगा चांगला आहे, पण हाताला वळण नाही. मी विसरलेलो नाही. रविवारी त्यांचा वाढदिवस. चाकू नवा कोरा करून हातात ठेवतो, मग बोला म्हणावं.

८ मार्च

दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर चाकू उचलला. मुठीला पावडर लावली. कणकेचा गोळा झाला. साबण लावला. फेसही चिकट.

संध्याकाळी ते चाकू शोधत होते. उशीखाली, खिशात, पुन्हा उशीखाली. मला खुणेने विचारलं. म्हटलं, तुम्हीच ठेवला असेल कुठे तरी, आठवून बघा. याला खोटं म्हणत नाहीत. सरप्राइजमध्ये एवढं चालतं.

९ मार्च

सासऱ्यांनी सफरचंद खाल्लं नाही. हिने दुसरा चाकू दिला, तो दोनदा हातातून पडला. नाटकं. ही डॉक्टरांना फोनवर विचारत होती की बाबांना विस्मरण व्हायला लागलंय का. बोलताना रडली. मी मध्ये पडलो नाही. बापलेकीच्या गोष्टीत जावयाने नाक खुपसू नये.

१० मार्च

मुलीचं नेलपॉलिश रिमूव्हर लावून पाहिलं. मूठ पांढरी पडली. मग स्पिरिट. कमाल! रबर काळ्या शेंबडासारखं निघून आलं. आत प्लास्टिक, काचेसारखं गुळगुळीत. धारही अशी लागली की या वेळी केस खरोखर गेले. माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

मुलगी म्हणाली, बाबा, आजोबा हे धरणार कसं? गाढवाला गुळाची चव काय.

११ मार्च, रविवार. डाव्या हाताने लिहितोय, म्हणून थोडक्यात

चाकू सगळ्यांसमोर दिला. सासऱ्यांनी बराच वेळ मुठीवरून अंगठा फिरवला. डोळे भरून आले. आनंदच असणार. सफरचंद घेतलं. चाकू निसटला. पुन्हा घेतला, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा तो खाली पडायच्या आत मी झेलला. पडता चाकू झेलू नये, हे व्हिडिओच्या उरलेल्या अर्ध्या भागात असावं.

टाके पडले. डॉक्टर म्हणाले, जखम अगदी स्वच्छ आहे, धार चांगली होती. माझ्या हातकामाचं असं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं. हिला ते ऐकवलं तर तिने रिक्षात पलीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, तो चिकट होता म्हणूनच बाबांच्या हातात राहायचा. त्यांची बोटं चाकू धरत नव्हती, चाकूच त्यांना धरून होता. म्हणून मी कधी पुसला नाही.

हे आधी सांगायला काय झालं होतं? या घरात मला कोणी काही सांगतच नाही.

१३ मार्च

बाजारात तसला चाकू शोधला. नवे सगळे कोरडे. नव्या मुठीला मध लावून दिला. मुंग्या लागल्या. सासऱ्यांनी हात मागे घेतला. माणसाने मदत घ्यायला शिकलं पाहिजे.

१५ मार्च

माझ्याही उजव्या हाताला बँडेज, चमचा धरता येत नाही. त्यामुळे ही आता आम्हा दोघांना शेजारी शेजारी बसवून भरवते. आज सफरचंद त्याच बोथट सुरीने कापलं. फोडी चेंगरलेल्या. आधी सासऱ्यांपुढे धरली. त्यांनी तोंड मिटून घेतलं. उजवा हात मांडीवर उताणा, बोटं अर्धी मिटलेली, आत काही नाही. ही बाबा, बाबा म्हणत तशीच बसून राहिली. त्यांनी तोंड उघडलं नाही.

शेवटी मीच आ केला. त्यांच्या वाट्याच्या सगळ्या फोडी मी खाल्ल्या. वाया कशाला घालवायच्या?