खुर्चीचं दुसरं बटण

ॲबिलीन, टेक्सस
२ ऑक्टोबर २०२३

चि. मिस्टीस,
अ. उ. आ.

फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून लिहायला बसले. इकडे सगळं ठीक. आईच्या गुडघ्याचं कळव.

नवी युकॉन गाडी घेऊन दोन महिने झाले. तुझी टाहो आणि ही सख्ख्या बहिणीच. सांगाडा तोच, इंजिन तेच, मागे सामानाला जागाही तेवढीच. पण माझीचं दार उघडलं की पायरी आपोआप खाली येते, आणि उन्हाळ्यात खुर्चीतून गार वारा लागतो. ती पायरी मी कोणासाठी घेतली, हे तुला सांगायला नको. आणि आईने काय करावं? परवा चर्चबाहेर मी दार उघडून उभी, पायरी खाली आलेली, अख्खं गाव बघतंय, आणि ही बाई बाबांचं गाईंची धार काढायचं स्टूल मांडून तुझ्या गाडीत चढली. वर म्हणाली, मिस्टीची गाडी अंगवळणी पडलीय.

माझ्या पोटात दुखतं, मिस्टी. सरळच लिहिते. तिच्या गाडीची किल्ली काढून घेतली त्याला दोन वर्षं झाली, त्या दिवसानंतर ती माझ्या गाडीत एकदाही बसलेली नाही. शेजाऱ्याची टपालपेटी तिने आडवी केली होती, मी नव्हे. पेटीच्या जागी माणूस असता तर? पण वाईट मीच. यंदा थँक्सगिव्हिंगला ती माझ्याकडे यायला हवी, आणि माझ्याच गाडीतून.

दोन आठवडे गाड्या बदलू या. आईला गाडी आवडते की गाडीवाली, एकदाचं कळू दे.

लोभ आहे, पण जरा कमी झालाय.
तुझी ताई,
ग्लेंडा


ब्राउनवूड
७ ऑक्टोबर

ती. ग्लेंडाताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आईचा गुडघा पाऊस येणार म्हणतो, पाऊस काही येत नाही.

जळायचा मक्ता एकट्या तुझाच आहे का गं? तुझी पायरी बघून मी आमच्या नवरोबाला, रॉयला, आठवडाभर टोमणे मारले. माझी गाडी सात वर्षांची, सीटवर कुत्र्याचे केस, मागे चाऱ्याचा वास. आणि आईचं दिवसातून चार वेळा चालू असतं, ग्लेंडाला विचार, ग्लेंडाला सगळं कळतं. सून असल्यासारखी राबते मी, आणि कळतं मात्र तुला.

बदलू गाड्या. शनिवारी ये. एकच विनंती, खुर्चीच्या दोन नंबरच्या बटणाला हात लावू नकोस. रॉयच्या कमरेचं माप त्यात भरून ठेवलंय, दाबलं की खुर्ची आपोआप त्या मापाला सरकते, ते बिघडलं तर तो मला खाईल.

लोभ वाढवावा, निदान होता तेवढा तरी करावा.
तुझी,
मिस्टी


ॲबिलीन
१९ ऑक्टोबर

मिस्टी,

आशीर्वाद वगैरे आज राहू दे.

पाच दिवस तुझी टाहो चालवली. फरक शोधून शोधून थकले. माझी जरा गुपचूप चालते, तुझीची बटणं मोठी, हातमोजे घालूनही दाबता येतात. तुझ्याशी खोटं कशाला बोलू, मला आवडली. मनात म्हटलं, आईचं चुकलं नाही.

काल पेट्रोल भरून निघताना पाय अवघडले. रॉय सहा फुटांवर तीन इंच, त्याच्या मापात मीही ऐसपैस बसेन म्हणून दोन नंबर दाबलं. खुर्ची मागे जाईल म्हणून बसले, तर ती पुढे, पुढे आणि वर. पोट स्टिअरिंगला टेकलं, गुडघे वर अडकले, आरसे दोन्ही खाली वळले. पंपावरचा माणूस हसत होता. मी हसले नाही. एवढं लहान चणीचं माणूस आपल्या घरात एकच आहे, आई.

दोन वर्षं मी घरची कैदाशीण झाले, आणि तुम्ही दोघी माझ्या पाठीमागे गाडी चालवताय? तिला काही झालं असतं तर आधी फोन मलाच आला असता ना? ती तुझ्या गाडीत का बसते ते आता कळलं. तू तिची लाडकी, कारण तू तिला नाही म्हणत नाहीस. ते मला एकटीलाच म्हणावं लागतं.

ग्लेंडा


ब्राउनवूड
२६ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बोल, माझं चुकलंच. पण ऐक.

ती रस्त्यावर चालवत नाही. फक्त बुधवारी, आपल्या फाटकापासून तळ्यापर्यंत, आपल्याच रानातून. ताशी दहा मैल, मी शेजारी. तळ्याशी ती भोंगा वाजवते, गाई धावत येतात, ती खाली उतरून त्यांना पेंड घालते आणि परत येते. बस्स. किल्ली गेल्यावर तिने केस विंचरायचंसुद्धा सोडलं होतं. तुला सांगू म्हटलं की ती म्हणायची, नको, ती नाही म्हणेल आणि बरोबरही असेल.

तुझा हेवा मला याचाच वाटतो, ताई. माझ्या हो म्हणण्याला आमच्या घरात काही वजन नाही.

आईने वेगळं लिहिलंय, सोबत जोडते. मी वाचलं नाही.

राग उतरला की लोभ करावा.
तुझी,
मिस्टी


चि. ग्लेंडाबाईस,
अनेक आशीर्वाद.

किल्ली घेतलीस ते बरोबर केलंस. ती टपालपेटी मला दिसलीच नव्हती. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, मिस्टीलाही नाही.

पण त्या दिवशी मला घरी सोडताना तू वाकून माझा पट्टा लावलास. माझी किल्ली तुझ्या पर्समध्ये, आणि पट्टाही तूच लावलास. मी एकोणऐंशीची आहे गं, पट्टा मला येतो. त्यानंतर तुझ्या गाडीत पाय टाकवेना. तुझ्या पायरीचा काही दोष नाही, पायाशी एकदम हलते म्हणून साप वाटतो तेवढाच.

दोन्ही बुधवारी तुझी युकॉन चालवली. दोन्ही गाड्या सारख्याच, तुझीचं नाक जरा चढेल आहे, ते घराण्यातलंच. पहिल्या बुधवारी तिचा भोंगा गाईंना ओळखू येईना, नुसत्या बघत उभ्या राहिल्या. आता येतात. दोन नंबरला माझं माप भरून ठेवलंय, पुसू नकोस.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, बुधवारी, मला न्यायला ये. तळ्यापासून फाटकापर्यंत मी चालवीन, पुढे तू. तोवर तू शेजारच्या खुर्चीत बसायचं.

पट्टा तुझा तू लाव.

तुझी,
आई